घरची बाग : हवेवर जगणारे पाहुणे

बाजारातून आणलेला अननस चिरावयास घेतला म्हणजे गृहिणी प्रथम त्याचा हिरवा तुरा पिळून काढते आणि केराच्या टोपलीत टाकते. पुढच्या खेपेस तो टाकण्यापूर्वी क्षणभर हातात धरून पाहावा. पाने एकात एक गुंफलेली, मधोमध पेल्यासारखा खोलगटपणा, आणि पानांच्या पाठीवर राख फुंकरल्यासारखी एक पुसट झाक. आज ज्या वनस्पतींविषयी लिहावयाचे योजिले आहे, त्यांच्या कुळाची बहुतेक लक्षणे त्या तुऱ्यात आहेत. हे कूळ ब्रोमेलियाडांचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अननस आपल्या किनाऱ्यावर आणला. त्याबरोबर ब्राझीलच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतील त्याचे नावही आले आणि ते मराठीच्या व कानडीच्या तोंडी इतके बसले, की हा पाहुणा परदेशचा आहे याचा आपणांस विसर पडला.

या कुळात तीन हजारांहून अधिक जाती आहेत. पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशाच्या खडकांवर उगवणारी एक जात वगळली, तर बाकीच्या सर्व अमेरिका खंडातील. भारताच्या रानात यांतील एकही आपणहून उगवलेली नाही. येथील प्रत्येक रोप कोणाच्या ना कोणाच्या हाताने, पेटीतून वा जहाजातून आलेले, अथवा तशा रोपाची संतती. म्हणूनच ही रोपे घरी आणावयाची झाली, तर ती कोठून आणि कशी घ्यावी हा प्रश्न गुलाब-जास्वंदीपेक्षा अधिक विचाराचा ठरतो.

बंगळुरात गेल्या काही वर्षांत या वनस्पतींची आवड फार वाढली आहे. घरे लहान झाली, अंगणे गेली, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरचा एक सज्जा एवढीच बहुतेकांची जमीन उरली. तेथे मातीची कुंडी, तिचे ओझे, खाली गळणारे पाणी आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची तक्रार हे सारे टाळून केवळ दोऱ्याने टांगता येईल असे झाड मिळत असेल, तर कोणास नको आहे? या झाडांना एअर प्लांट असे इंग्रजी नाव रूढ झाले आहे. वनस्पतिशास्त्रात त्यांच्या वंशास टिलँडसिया म्हणतात.

मीही याच मोहाने पहिले रोप घेतले. एका जत्रेवजा विक्रीत ते मिळाले. एका शंखाच्या तोंडात बसविलेले, रुपेरी पानांचे, मुठीएवढे. विक्रेत्याने हसतमुखाने सांगितले, "याला काही करावे लागत नाही. पाणी नको, माती नको, हवेवर जगते." मी त्यावर विश्वास ठेवला. माघ सरला, फाल्गुनातला कोरडा वारा सुरू झाला आणि पाने आतल्या बाजूस वळू लागली. मग मी घाबरून शंखात पाणी ओतले. आठवड्याभरात मधली पाने हाताशी आली. शंखातून रोप उपटून पाहिले, तेव्हा बुडाशी काचेसारख्या घट्ट डिंकाचा गोळा आणि त्याच्या वर काळी पडलेली लिबलिबीत गाभ्याची जागा दिसली. आधी तहानेने आणि मागाहून बुडून, असे त्या बिचाऱ्याचे दुहेरी मरण मी ओढवून घेतले होते. विक्रेत्याचा दोष होताच, पण झाड पाणी पिते कसे हे जाणून न घेता ते घरी आणणाऱ्याचाही थोडा होता.

ते जाणून घेणे कठीण नाही. टिलँडसियाची मुळे ही केवळ पकडून बसण्यासाठी असतात. पाणी पिण्याचे काम पानांचे. त्या पानांवरची जी रुपेरी भुकटी आपण पाहतो, ती धूळ नव्हे, डोळ्यांस न दिसणाऱ्या असंख्य चिमुकल्या खवल्यांचा तो थर असतो. पाऊस वा दव पडले, की हे खवले पाणी शोषून पानात पोचवितात आणि ओले झाल्यामुळे पान हिरवे दिसू लागते. वाळले, की पुन्हा रुपेरी होऊन तेच खवले उन्हापासून आणि शोषापासून पानाचे रक्षण करतात. मूळ देशी त्यांस वेळोवेळी पाऊस, धुके वा दव मिळते. आपल्या बैठकीच्या खोलीत मिळत नाही. तेव्हा "हवेवर जगते" याचा अर्थ मातीवाचून जगते एवढाच घ्यावयाचा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अननसाप्रमाणेच ही झाडे दिवसाच्या तापात आपली श्वासरंध्रे मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री पाने ओली राहिली तर त्यांचा श्वास कोंडतो. यास्तव पाणी सकाळी द्यावे आणि दुपारपर्यंत रोप खडखडीत कोरडे होईल असे पाहावे. माझ्या घरी आठवड्यातून एकदा, सकाळी, प्लॅस्टिकच्या टबात अर्धा तास सर्व रोपे बुडवून ठेवण्याची पद्धत आहे. नंतर ती उलटी धरून झटकावयाची आणि वारा लागेल अशा जागी उपडी ठेवावयाची. फाल्गुन-चैत्रात हेच आठवड्यातून दोनदा.

मी प्लॅस्टिकचा टब म्हटले ते मुद्दाम. आपल्या घरांतून पाणी तांब्याच्या हंड्यात भरण्याची आणि अंघोळीस घंगाळ वापरण्याची चाल आहे, आणि ती चांगलीच आहे. परंतु ब्रोमेलियाडांच्या साऱ्या कुळास तांबे विषासारखे आहे. घंगाळात भिजविलेले, तांब्याच्या तारेने बांधलेले वा मोरचुदाचे बोर्डो मिश्रण फवारलेले रोप हळूहळू काळवंडून जाते. द्राक्षाच्या वा सुपारीच्या बागेत जे औषध, तेच येथे मारक. बांधावयास नायलॉनचा दोरा किंवा जुन्या मोज्याची पट्टी उत्तम.

या वंशाच्या नावाची एक गंमत सांगण्याजोगी आहे. सतराव्या शतकात फिनलंडमधील तुर्कू येथे एलियास टिलँड्झ नावाचे वैद्य व वनस्पतिज्ञ होते. तरुणपणी स्टॉकहोमचा समुद्रप्रवास त्यांस इतका बाधला, की परतताना त्यांनी जहाजाचे नावही काढले नाही. बॉथनियाच्या आखातास वळसा घालून ते जमिनीवरून घरी गेले आणि त्याची आठवण म्हणून "जमिनीने" या अर्थाचे आडनाव घेतले, अशी आख्यायिका आहे. पुढे लिनियसने पाण्याला भिणाऱ्या या झाडांस त्यांचेच नाव दिले. मौज अशी, की हे झाड पाण्याला भिणारे मुळीच नव्हे. लिनियसचाही, म्हणजे, माझ्या विक्रेत्यासारखाच समज झाला होता!

आता खरेदीकडे वळू. बंगळुरात झाडे पाहावयाची म्हणजे पाय प्रथम लालबागेकडे वळतात. हैदर अलीने १७६० मध्ये तिचा पाया घातला. १८८९ मध्ये काचगृहाची कोनशिला बसली. १९०८ साली तेथे आलेले गुस्ताव्ह क्रुंबिगेल यांचे नाव मराठी वाचकांस थोडे जवळचे वाटावे, कारण लंडनच्या क्यू उद्यानात शिकलेले हे जर्मन गृहस्थ त्यापूर्वी बडोद्यास सयाजीरावांच्या सेवेत होते. बंगळुरातील रस्त्यांवर एकामागून एक ऋतूत एकेक झाड फुलत राहावे ही त्यांचीच योजना. बागेच्या काचगृहात वर्षातून दोनदा, प्रजासत्ताक दिनाच्या व स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, मोठे पुष्पप्रदर्शन भरते आणि त्या वेळी बागेत रोपांच्या विक्रीची दुकानेही लागतात. २०१७ पासून मेट्रोच्या हिरव्या मार्गावर लालबाग नावाचे स्थानकच झाल्यामुळे परगावच्या पाहुण्यांसही तेथे जाणे सोपे झाले आहे. सुटीच्या दिवशी मात्र जाऊ नये. त्या गर्दीत झाडाचे बूड तपासून पाहणे राहोच, झाड दिसले तरी पुष्कळ.

लालबागेला लागूनच सिद्धापुर आहे. येथील रोपवाटिका जुन्या. तिगळ समाजाच्या माळ्यांची पिढीजात विद्या त्यांच्यामागे आहे. बंगळुरची प्रसिद्ध करग यात्रा ज्यांची, तेच हे लोक. जागेचे भाव वाढले तशा येथील रोपवाटिका कमी झाल्या, पुष्कळशा हेन्नूर आणि सर्जापूर रस्त्यांच्या बाजूस नव्या उभ्या राहिल्या. तरी कुंड्यांच्या दाटीतून वाट काढीत एखाद्या वृद्ध माळ्याशी बोलत हिंडावयाचे असेल, तर सिद्धापुराची सर अन्यत्र नाही. "गिड" म्हणजे झाड, एवढे एक कानडी पद येत असले तरी काम भागते. बाकी हातवारे आहेतच.

तेथे आपणांस ब्रोमेलियाडांचे दोन गट दिसतील. एक, कुंडीत लावलेले, रुंद पानांचे, मध्ये पाण्याचा पेला असणारे. यांत गुझमानिया, निओरेगेलिया, एक्मिया, बिलबर्जिया ही नावे ऐकू येतात. दुसरा, टांगलेल्या टिलँडसियांचा. म्हाताऱ्याच्या दाढीसारख्या राखी जटा दोरीवर लोंबताना दिसतात तीही टिलँडसियाच. तिला स्पॅनिश मॉस म्हणतात, आणि शेवाळ असे नाव मिळूनही ती शेवाळ नाही. अमेरिकेत एके काळी तिने गाद्या भरीत असत. नवख्या माणसाने टांगत्या गटाचा आरंभ हिच्यापासून करावा. मूठभर जट स्वस्त मिळते, ती भराभर वाढते, आणि पाण्याची चूक झाली तर चार दिवसांत रंगावरून सांगते.

निवडताना डोळ्यांपेक्षा हातावर अधिक विसंबावे. एकाच आकाराची दोन रोपे दोन तळव्यांवर घ्यावी आणि जड असेल ते पसंत करावे, कारण जडपणा म्हणजे पानांत साठलेले पाणी. मग अंगठ्याने बूड दाबावे. ते कांद्यासारखे टणक लागले पाहिजे. मधले पान हलकेच ओढून पाहावे. सुटून आले तर रोप आतून कुजलेले आहे, मग बाहेरची पाने कितीही टवटवीत दिसोत. पानांच्या बेचक्यांत कापसासारखा पांढरा पुंजका दिसल्यास तो पिठ्या ढेकूण समजावा आणि ते रोप तर सोडावेच, शेजारचीही सोडावी. शेंड्याशी थोडी पाने तपकिरी असणे हा दोष नव्हे, तो प्रवासाचा शीण असतो.

डिंकाने चिकटविलेले रोप घेऊ नये, असे मी माझ्या अनुभवावरून सांगेन. बुडाशी किंचित डिंक असल्याने झाड मरतेच असे नाही, तथापि डिंकाखाली काय आहे ते आपणांस दिसत नाही, आणि शंख वा पेल्यात बसविलेले रोप भिजवून वाळविता येत नाही. तसेच जांभळ्या, निळ्या, शेंदरी रंगात बुडविलेली रोपेही हल्ली सर्रास विकावयास ठेवलेली असतात. पानांवरचे खवले पाणी पितात हे एकदा कळले, म्हणजे त्यांवर रंग चढविणे हे त्या झाडाचे तोंड बांधण्यासारखे आहे हे निराळे सांगावयास नको. घरच्या मुलांस ती फार आवडतात. त्यांस समजावून सांगावे आणि त्याऐवजी आयोनांथा नावाची लहान जात दाखवावी. फुलण्याच्या वेळी तिची मधली पाने आपोआप लाल होतात आणि त्यांतून जांभळे फूल डोकावते. हा रंग धुतल्याने जात नाही.

गुझमानियाविषयी मात्र गिऱ्हाइकाची निराळ्या प्रकारे फसगत होते, आणि तीत कोणी फसविणारा नसतो. दुकानात ती लालभडक ताऱ्यासारखी उभी असते. आपण ती दिवाळीला आणतो. तीन-चार महिने तो तारा टिकतो, मग हिरवट, मग तपकिरी होतो आणि पाठोपाठ झाडही झिजू लागते. आपल्या हातून काही चुकले असे वाटून घरातील माणूस हळहळते आणि कुंडी रिकामी करून टाकते. चुकलेले काहीच नसते. या कुळातील बहुतेक झाडे आयुष्यात एकदाच फुलतात. फुलले की त्यांचे कार्य संपले. केळीचे काय होते? घड पडला की ती खांबासकट जाते, पण तत्पूर्वी बुडाशी मुनवे फुटलेले असतात. येथेही अगदी तसेच. फुलून गेलेल्या गुझमानियाच्या वा एक्मियाच्या बुडाशी दोन-तीन मुनवे निघतात, ते आईच्या तिसऱ्या हिश्शाएवढे किंवा निम्मे झाले म्हणजे धारदार चाकूने कापून वेगळ्या कुंडीत लावता येतात. म्हणून वाळत चाललेली आई टाकण्याची घाई करू नये. ती आपल्या अखेरच्या महिन्यांत मुलांना पोसत असते.

हे ज्ञान खरेदीस फार उपयोगी आहे. फुललेले रोप घेणे म्हणजे आयुष्याच्या उतारावरचे रोप घेणे. शोभेसाठी घ्यावयाचे असेल तर खुशाल घ्यावे. वाढविण्यासाठी हवे असेल, तर बहर ओसरलेली, कोपऱ्यात सारलेली, बुडाशी मुनवे दिसत असलेली कुंडी मागावी. माळी बहुधा आश्चर्याने पाहतो आणि किंमत निम्म्यावर आणतो. मी याच रीतीने बिलबर्जियाची एक मोडकी कुंडी घेतली होती. तिच्या संततीने आज माझ्या गच्चीची एक बाजू भरली असून इमारतीतील चार घरांत ती पोचली आहे. बिलबर्जिया, जाता जाता सांगावयाचे तर, साऱ्या कुळातील सर्वांत सोशीक. जुन्या बंगल्यांच्या आवारात झाडांच्या सावलीत कोणी न विचारता ती वर्षानुवर्षे वाढते आणि एके दिवशी अचानक लाल-गुलाबी तुरा काढते. अशा आवारातून मालकांच्या संमतीने मिळालेला मुनवा हा दुकानातल्या रोपापेक्षा नेहमी सरस, कारण त्याने तेथले ऊनपाणी पचविलेले असते.

मुनव्यापासून वाढविलेले रोप पूर्ण वाढले आणि तरी फुलत नसेल, तर एक घरगुती युक्ती आहे. पेल्यातील पाणी काढून टाकून झाडाशेजारी एक पिकलेले सफरचंद ठेवावे आणि दोन्ही मिळून पारदर्शक पिशवीने आठ-दहा दिवस झाकावे. सावलीत, हे विसरू नये, नाहीतर उन्हाने आत झाड उकडून निघेल. पिकत्या फळातून इथिलीन नावाचा वायू सुटतो, तो या झाडांस फुलण्याचा इशारा देतो. अननसाचे बागाईतदार शेतातील सारी झाडे एकदम फुलावी म्हणून जे औषध वापरतात त्यामागे हेच तत्त्व आहे. दोन-तीन महिन्यांत तुरा दिसू लागतो. अर्धवट वाढीच्या रोपावर हा प्रयोग करू नये.

आता एका गंभीर गोष्टीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. पेल्याच्या ब्रोमेलियाडांत पाणी साठते, तेच त्यांचे अन्नपाण्याचे कोठार. दक्षिण व मध्य अमेरिकेच्या रानात काही बेडूक आपली पिल्ले पाठीवर वाहून नेऊन याच पेल्यांत सोडतात. आपल्या सज्ज्यात बेडूक येत नाहीत, डास येतात. डेंग्यू पसरविणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या, थोड्याशा पाण्यात अंडी घालतो आणि उन्हाळी हवेत आठवड्या-दीड आठवड्यात त्या अंड्यांचे डास होतात. कर्नाटक सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये डेंग्यूस साथीचा रोग म्हणून घोषित केले आणि आपल्या जागेत डासांची पैदास होऊ देणाऱ्यांस दंडाची तरतूद केली, यावरून प्रकरण किती वाढले होते ते कळेल. दहा-बारा ब्रोमेलियाड असलेल्या घराने ही जबाबदारी झाडांबरोबरच विकत घेतलेली असते. दर चौथ्या दिवशी कुंडी तिरपी करून पेला पूर्ण रिता करावा, नळीने जोरात धुवावा आणि ताजे पाणी घालावे. काढलेले पाणी दुसऱ्या कुंडीच्या मातीत जाऊ द्यावे. काही घरांत साठत्या पाण्यावर रॉकेलचे थेंब टाकण्याची जुनी सवय असते. ती येथे चालणार नाही, तेलाने पान गुदमरून मरते. ज्या घरास आठवड्यातून दोनदा हे काम होण्यासारखे नसेल, त्या घराने पेल्याची जात घेऊच नये. टिलँडसियांत पाणी साठत नाही, त्या घ्याव्या. लहान मूल वा आजारी माणूस घरी असताना तर याबाबत कोणतीही सवलत घेऊ नये.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर २०२४ चा उन्हाळा बंगळूरकर विसरलेले नसतील. त्या मार्चमध्ये कूपनलिका आटल्या, टँकरची वाट पाहत लोक दारात उभे राहिले, आणि पिण्याचे पाणी बागेस वा मोटारी धुण्यास वापरणाऱ्यास ५,००० रुपये दंड होईल असे जलमंडळाने जाहीर केले. त्या दिवसांत माझ्या गुलाबाच्या तीन कुंड्या गेल्या. टिलँडसिया मात्र सगळ्या राहिल्या, कारण वीस-बावीस रोपांस आठवड्याला लागणारे पाणी एका टबाचे, आणि भिजवून उरलेल्या त्या पाण्याने सज्जा पुसून होई. तथापि कोणते पाणी, हेही पाहिले पाहिजे. कूपनलिकेच्या जड पाण्यातील क्षार पानांवर पांढरा थर धरतात आणि त्याखाली खवले बुजतात. ते सौम्य करण्यासाठी पुष्कळ इमारतींतून जे यंत्र बसविलेले असते, ते क्षाराऐवजी मिठाचा अंश पाण्यात सोडते. अंघोळीस ते बरे, या झाडांस जड पाण्याहूनही वाईट. पावसाचे पाणी सर्वोत्तम. भाद्रपद-आश्विनात बंगळुरास चांगला पाऊस पडतो, त्या वेळी गच्चीवरच्या पन्हळीखाली, पहिल्या एक-दोन सरींनी कौले आणि गच्ची धुऊन गेल्यावर, झाकणाचे दोन पिंप भरून ठेवले तर मोठी सोय होते. झाकण घट्ट हवे. कारण वर सांगितले आहे.

दूरच्या वाचकांस ही रोपे टपालाने मागविता येतात. माती नसल्यामुळे ती चार-पाच दिवसांचा प्रवास सहज सोसतात. एप्रिल-मेमध्ये मागवू नयेत, आणि पेटी आली की प्रथम अर्धा तास भिजवून मग सावलीत वाळवावी. मागविण्यापूर्वी विक्रेत्यास पत्राने वा फोनने एक प्रश्न अवश्य विचारावा : हे रोप आपल्याकडे वाढले आहे, की बाहेरून आले आहे? बाहेरून आले असेल तर कागद आहेत काय? २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे परदेशातून रोपे आणावयास आयात परवाना आणि तेथील सरकारचा रोपे निरोगी असल्याचा दाखला लागतो. बँकॉकच्या सहलीहून परतताना सामानात चार रोपे लपवून आणण्यात पुष्कळांस काही वावगे वाटत नाही. पण त्या चार रोपांवरची एखादी कीड अननसाच्या शेतात उतरली, तर तिचे मोल भरणारा शेतकरी निराळाच असतो. झेरोग्राफिका नावाची मोठी, कुरळ्या रुपेरी पानांची टिलँडसिया हल्ली फार मागितली जाते. ती मेक्सिको, ग्वाटेमाला आणि एल साल्वादोर येथील. तेथील रानांतून तिची इतकी लूट झाली, की वन्य जीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत तिचे नाव घालावे लागले. भारत १९७६ पासून त्या करारात आहे, आणि २०२२ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन त्या याद्यांस आपल्या कायद्यात स्थान मिळाले आहे. रोपवाटिकेत वाढलेली झेरोग्राफिका योग्य कागदांसह घेण्यास हरकत नाही. ती स्वस्तात आणि कागदांवाचून मिळत असेल, तर ती स्वस्त का आहे याचा विचार करावा.

आपल्या घाटांतही हाच प्रकार चालतो. सकलेशपूरच्या बाजूस असो वा आंबोलीच्या, रस्त्याकडेला कोणी पोतडीतून झाडाच्या सालीसकट खरवडून काढलेल्या आमरी दाखवितो आणि "हीच ती हवेवरची झाडे" असे सांगतो. सीतेची वेणी म्हणून आपण जिला ओळखतो ती त्यांत हमखास असते. ही ब्रोमेलियाड नव्हेत, आपल्या रानाची स्वतःची झाडे होत. काहीजण त्यांस बांडगूळ समजून झाडावरून काढणे पुण्याचेच मानतात. बांडगूळ यजमान झाडात मूळ खुपसून रस पिते. आमरी आणि टिलँडसिया दोन्ही नुसत्या फांदीवर बसतात, फांदीचे काही घेत नाहीत. रानातून ओरबाडलेल्या आमरी शहरात फारशा जगतही नाहीत. त्या विकत घेऊ नयेत, घेतल्यावाचून विकणारा थांबत नाही.

रोप घरी आणल्यावर ते पूर्वेच्या खिडकीशी, भरपूर उजेड पण दुपारचे ऊन नाही, अशा जागी टांगावे. खिडकीविरहित न्हाणीघरात "ओलावा असतो" म्हणून टांगलेली रोपे उजेडाअभावी मरतात. निओरेगेलियाचा लाल रंग घरात आल्यावर महिन्याभरात हिरवट झाला तर माळ्यावर रागावू नये, तो उजेडाचाच कमी-अधिकपणा. आधारास कॉफीच्या वा सिल्व्हर ओकच्या वाळक्या फांदीचा तुकडा चांगला. रंगविलेले वा वाळवीचे औषध पाजलेले लाकूड नको. खत वर्षाकाळी महिन्यातून एकदा, पाण्यात विरघळणारे, पुडीवर लिहिलेल्या प्रमाणाच्या चौथ्या हिश्शाने, एवढेच.

हे सारे मी बंगळुरच्या, समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरच्या सौम्य हवेस धरून लिहिले आहे. इतरत्र थोडा फेर करावा. मुंबईच्या व कोकणच्या वाचकांनी आषाढ-श्रावणात रोपे भिजविणे बंद ठेवावे, त्या हवेत ती वाळत नाहीत आणि बुडाशी कुजतात. पंख्याचा वारा लागू द्यावा. नागपूर-अमरावतीकडे मे महिन्यात एक दिवसाआड पहाटे भिजवून घराच्या थंड बाजूस ठेवावे. वाळ्याच्या कूलरसमोर टांगू नये, त्या तुषारांबरोबर जड पाण्याचे क्षार पानांवर बसतात. दिल्ली-ग्वाल्हेरच्या बाजूस पौषात पारा दहा अंशांखाली उतरू लागला, की भिजविणे पंधरवड्यातून एकदा पुरते आणि रात्रीपुरती रोपे आत घ्यावी लागतात. आत घेतल्यावर ती खिडकीची काच आणि पडदा यांच्यामध्ये मात्र ठेवू नयेत. पहाटे घरातील सर्वांत अधिक गारठा तेथेच असतो.